पोटगीच्या आंकड्याचा इतिहास

पतिपत्नी विभक्त झालीं म्हणजे एका चुलीच्या दोन चुली होतात. मिळकत मात्र दुप्पट होत नाहीं. मग मुलांचा खर्च कोणीं सोसावा? कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर कसकसें बदलत नेलें, तें पाहण्यासारखें आहे.

१८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें मॅजिस्ट्रेटास पत्नीला व मुलांना पोटगी देववितां येई. पण ती दरमहा एकंदर ५० रुपयांपर्यंतच. १९२३ सालीं ही मर्यादा १०० व १९५५ सालीं ५०० झाली. १९७३ च्या नव्या संहितेंत कलम १२५ आलें, तरी आंकडा ५०० च राहिला. येथें ‘एकंदर’ हा लहानसा शब्द फार महत्त्वाचा. आई व दोन मुलें मिळून ५००, कीं प्रत्येकास ५००? १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र आहे. अखेर २००१ सालीं ती मर्यादाच गेली.

परंतु मिळकत लपविण्याची खोड गेली नाहीं. म्हणून २०२० सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें, कीं उभय पक्षांनीं आपली मिळकत, मालमत्ता व कर्ज प्रतिज्ञापत्रावर मांडावें, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी.

फीच्या दिवशीं मान खालीं घालून बसलेलीं मुलें मीं शिक्षक असतां पाहिलीं आहेत. आईबापांचा हिशेब चुकला, तर बाकी मुलांच्या नांवावर पडते. म्हणून विभक्त होणारांनीं कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं जमाखर्चाची वही एकत्र बसून उघडावी, हेंच बरें.