रात्रक्रीडा-गणवेश

रात्रक्रीडा-गणवेश : कृत्रिम प्रकाशात होणाऱ्या सामन्यांसाठी मुद्दाम तयार केलेला, नेहमीच्या गणवेशाहून वेगळा असा खेळाडूंचा पोशाख. अशा पोशाखामागे दोन हेतू आढळतात : एक, खेळाडू व चेंडू परस्परांहून स्पष्टपणे वेगळे दिसावेत, दुसरा, प्रकाशझोतातील खेळ अधिक प्रेक्षणीय व्हावा. केवळ चकाकीसाठी काढलेले गणवेश अल्पजीवी ठरले. चेंडूच्या दृश्यतेशी निगडित असलेले मात्र रूढ झाले, असे या पोशाखाच्या इतिहासावरून दिसून येते.

विजेच्या दिव्यांखाली सामने भरविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. इंग्लंडमधील शेफील्ड येथील ब्रामल लेन मैदानावर १४ ऑक्टोबर १८७८ रोजी विद्युत्‌दीपांच्या उजेडात फुटबॉलचा सामना झाला. तथापि रात्रीच्या खेळाला व्यावसायिक स्थैर्य प्रथम लाभले ते अमेरिकेत. कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉल संघाने १९३० मध्ये फिरती दीपयंत्रणा वापरून गावोगावी रात्रीचे सामने केले. प्रमुख बेसबॉल संघांमधील पहिला रात्रीचा सामना २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली मैदानावर झाला. दिवसभर कामात असलेला नोकरदार व कामगारवर्ग रात्रीच्या सामन्यांना येऊ शकत असल्याने ते किफायतशीर ठरले.

बेसबॉलमधील साटिनचे गणवेश : प्रेक्षकांचे आकर्षण वाढविण्यासाठी काही बेसबॉल संघांनी १९४० च्या दशकात रात्रीच्या सामन्यांकरिता साटिनचे तकतकीत गणवेश शिवून घेतले. ब्रुकलिन डॉजर्स संघाने १९४४ मध्ये असा गणवेश वापरला. बॉस्टन ब्रेव्ह्‌ज संघानेही त्याच दशकात हा प्रयोग केला. दिव्यांचा प्रकाश परावर्तित होऊन खेळाडू दुरूनही उठून दिसत. परंतु उन्हाळ्यातील दमट रात्री हे कापड अंगाला उबत असे. शिवाय बेसबॉलचा चेंडू मुळातच पांढरा असल्याने काळोखाच्या पार्श्वभूमीवर तो दिसण्यात गणवेशाच्या चकाकीमुळे काही भर पडत नव्हती. खेळाची कोणतीच अडचण या पोशाखाने दूर होत नसल्याने तो लवकरच मागे पडला. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या फुटबॉलसंघाने १९५० च्या दशकात प्रकाशझोतातील सामन्यांसाठी चकाकणारे सोनेरी सदरे वापरले. त्या सामन्यांनी मोठी लोकप्रियता मिळविली, पण वेगळ्या सदऱ्यांची प्रथा तेथेही टिकली नाही.

क्रिकेटमधील रंगीत पोशाख : क्रिकेटमधील अडचण निराळ्या स्वरूपाची होती. तांबडा चेंडू, पांढरा पोशाख व गोलंदाजाच्या मागे उभा केलेला पांढरा पडदा ही या खेळाची पारंपरिक रंगयोजना दिवसाच्या उजेडाला अनुरूप होती. प्रकाशझोतात मात्र तांबडा चेंडू काळवंडल्यासारखा दिसतो. वेगवान गोलंदाजाला तोंड देणाऱ्या फलंदाजाच्या दृष्टीने हा सुरक्षिततेचाही प्रश्न होता. ऑस्ट्रेलियन उद्योगपती केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ ही बंडखोर मालिका सुरू केली आणि तीत प्रकाशझोतातील सामन्यांसाठी पांढरा चेंडू व काळा पडदा यांचा अवलंब केला. पण पांढरा चेंडू पांढऱ्या कपड्यांच्या पार्श्वभूमीवर हरवू लागला. चेंडूचा रंग बदलल्यावर कपड्यांचा रंग बदलणे क्रमप्राप्तच होते.

त्यानुसार १७ जानेवारी १९७९ रोजी सिडनीच्या मैदानावर दोन्ही संघ रंगीत पोशाखात उतरले. ऑस्ट्रेलियाचा पोशाख पिवळा, तर वेस्ट इंडीजचा प्रवाळासारखा गुलाबी होता. जागतिक संघाला फिकट निळा रंग देण्यात आला. या योजनेत दूरचित्रवाणीवरील आकर्षकतेचाही विचार होता, हे उघड आहे. परंपरानिष्ठ टीकाकारांनी तिची ‘पायजमा क्रिकेट’ अशी संभावना केली. पॅकर व ऑस्ट्रेलियन क्रिकेट मंडळ यांच्यात १९७९ मध्ये समझोता झाला आणि २७ नोव्हेंबर १९७९ रोजी सिडनी येथे पहिला अधिकृत दिवस-रात्र आंतरराष्ट्रीय सामना झाला. मात्र त्या हंगामात इंग्लंडच्या संघाने रंगीत कपडे घालण्यास नकार दिला.

भारतीय संघाने सुनील गावसकर यांच्या नेतृत्वाखालील १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील एकदिवसीय सामन्यांत फिकट निळा पोशाख वापरला. निळा रंग पुढे भारतीय संघाची ओळखच बनला. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्न येथे प्रकाशझोतात झालेल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून भारताने विश्व अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, तीही रंगीत पोशाखात. भारतातील पहिला प्रकाशझोतातील आंतरराष्ट्रीय सामना २८ सप्टेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर असा सामना २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषक स्पर्धेत झाला. तत्पूर्वी १९९२ च्या विश्वचषक स्पर्धेत रंगीत पोशाख व पांढरा चेंडू सर्वच सामन्यांना लागू झाले होते. त्यामुळे रात्रीसाठी निघालेला हा पोशाख दिवसाच्या सामन्यांतही रूढ झाला आणि त्याचे मूळ प्रयोजन विस्मृतीत जाऊन तो संघाचे प्रतीक, तसेच जाहिरात व विक्री यांचे साधन बनला.

कसोटी क्रिकेट रात्री खेळविण्याची वेळ आली, तेव्हा हीच अडचण उलट बाजूने सोडविण्यात आली. पांढरा पोशाख हे कसोटीचे परंपरागत लक्षण कायम ठेवून चेंडूच गुलाबी करण्यात आला. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी ॲडिलेड येथे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यात पहिला दिवस-रात्र कसोटी सामना सुरू झाला. भारताने असा पहिला सामना नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बांगला देशाविरुद्ध खेळला. संधिप्रकाशात गुलाबी चेंडू नीट दिसत नाही, अशी काही फलंदाजांची तक्रार आहे. चेंडू, पोशाख व पार्श्वभूमी यांपैकी एकाचा रंग बदलला, की उरलेल्या दोहोंचा मेळ नव्याने घालावा लागतो. रात्रक्रीडेच्या गणवेशाचा विचार म्हणूनच केवळ वेशभूषेचा ठरत नाही, तर तो खेळाच्या दृश्यव्यवस्थेचाच एक भाग ठरतो.