थिंद खटला (1923)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 1923 रोजी दिलेला निकाल. अर्ज करून अमेरिकेचे नागरिक होण्यास भारतीय अपात्र आहेत, असे त्यात एकमताने ठरले.

मूळ वाद 1790 च्या कायद्याचा. परदेशात जन्मलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना त्याने नागरिकत्व खुले केले होते. यादवी युद्धानंतर, 1870 मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ते मिळू लागले.

भगतसिंग थिंद 1913 मध्ये पंजाबातून अमेरिकेत आले, ओरेगनच्या लाकूड गिरण्यांत राबले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले. 1918 साली नागरिकत्व स्वीकारताना त्यांच्या अंगावर लष्करी गणवेश होता. चारच दिवसांत ते रद्द झाले. 1920 मध्ये ओरेगनच्या न्यायालयाने ते पुन्हा दिले, तेव्हा सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. जॉर्ज सदरलँड यांनी 1923 च्या निकालाच्या तीनच महिने आधी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नकार देताना गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’ असा अर्थ लावला होता. थिंद यांनी तोच आधार घेतला. तत्कालीन वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच मानत असे. आता मात्र सदरलँड यांनी शास्त्र बाजूला सारले. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे त्यांनी लिहिले. थिंद यांच्या बाजूने उच्च जातीचाही दाखला दिला गेला होता, हे दुखावणारे सत्य आहे: भेदाची भिंत पाडण्याऐवजी तिच्या आत जागा मागितली गेली.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांवर दावे लावले. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित मात्र स्वतःच्या खटल्यात नेटाने लढले. 1914 मध्ये मिळालेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर त्यांनी वकिली आणि संसार उभा केला होता; ते गेले तर त्यांच्या अमेरिकी पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येणार होते. त्यामुळे सरकारला आता ते हिरावता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद टिकला. 1926 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

महायुद्धातील सैनिकांसाठी 1935 मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षी थिंद अखेर नागरिक झाले. इतर भारतीयांना 1946 च्या लूस-सेलर कायद्याची वाट पाहावी लागली. त्याने भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला अवघ्या 100 जणांचा कोटा ठेवला. या कायद्यासाठी झटलेले दलीपसिंग सौंद 1949 मध्ये नागरिक झाले. कॅलिफोर्नियात ते न्यायाधीशपदी निवडून आले, पण नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झाले नव्हते म्हणून त्यांची निवड रद्द ठरली. ते पुन्हा उभे राहिले, जिंकले आणि 1956 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.