बल्लव

अज्ञातवासाच्या वर्षी मत्स्यराज विराटाच्या मुदपाकखान्यात आचारी म्हणून चाकरीस राहिलेल्या भीमसेनाने धारण केलेले नाव. महाभारताच्या विराटपर्वात तो काळी वस्त्रे नेसून, हाती रवी, पळी आणि म्यान नसलेली काळीभोर सुरी घेऊन दरबारात उभा राहतो व आपण युधिष्ठिराच्या पदरी स्वयंपाक करीत होतो, कुस्तीही जाणतो, असे सांगून नोकरी मागतो.

बलाचा उगम : वायुपुत्र म्हणून भीम जन्मतःच बलिष्ठ होता, परंतु त्याच्या अमानुष सामर्थ्याचे कारण आदिपर्वात निराळे दिले आहे. प्रमाणकोटी येथे दुर्योधनाने त्याला अन्नातून विष घालून, वेलींनी बांधून गंगेत लोटले. तळाशी सर्पांनी केलेल्या दंशांनी ते विष उतरले, आणि नागलोकी आर्यक नागाने कुंतीच्या नात्यावरून त्याला ओळखल्यावर, वासुकीच्या अनुज्ञेने तो रसाची आठ कुंडे प्याला. आठ दिवसांच्या निद्रेनंतर जागा झाला तो दहा हजार हत्तींचे बळ घेऊनच. पुढे एकचक्रा नगरीत आश्रयदात्या ब्राह्मणाच्या घरावर बकासुराची पाळी आली, तेव्हा कुंतीच्या आज्ञेवरून अन्नाचा गाडा घेऊन तो गेला, राक्षसादेखत ते अन्न खाल्ले आणि मग त्याला मारले.

विराटाची चाकरी : चौथ्या महिन्यात भरलेल्या ब्रह्मोत्सवात जीमूत नावाच्या मल्लाशी झुंजण्यास कोणी धजेना, तेव्हा राजाच्या हुकमाने बल्लवाने त्याला चीत करून ठार केले. उघडपणे बळ वापरण्यास मात्र त्याला मुभा नव्हती. ओळख पटली असती तर पांडवांना पुन्हा बारा वर्षे वनवास भोगावा लागता. राणीचा भाऊ व सेनापती कीचक याने सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीला भर सभेत लाथ मारली, राजाने दाद दिली नाही; त्या रात्री ती फिर्याद घेऊन गेली ती मुदपाकखान्यात निजलेल्या या आचाऱ्याकडे. नर्तनशाळेच्या अंधारात बल्लवाने कीचकाचा चोळामोळा केला आणि तिला चितेवर घालण्यास निघालेल्या त्याच्या एकशे पाच भाऊबंदांना, म्हणजे उपकीचकांनाही, झाड उपटून संपविले. पुढे त्रिगर्तराज सुशर्म्याने विराटाला कैद केले असता त्यालाही यानेच सोडविले. मात्र त्या वेळी तो झाड उपटू लागताच, ओळखला जाशील म्हणून युधिष्ठिराने त्याला आवरले.

मराठी परंपरा : एकनाथांचा दौहित्र मुक्तेश्वर याच्या महाभारताची जी पाच पर्वे उपलब्ध आहेत त्यांत विराटपर्व आहे; श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'ने ही कथा पोथीवाचनाच्या द्वारे खेडोपाडी नेली. विदर्भातील चिखलदरा हे कीचकवधाचे स्थळ असून तेथील भीमकुंडात भीमाने हात धुतले, अशी लोकश्रद्धा आहे. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन, सैरंध्रीच्या जागी पारतंत्र्यातील भारत, युधिष्ठिराच्या जागी मवाळ आणि भीमाच्या जागी जहाल पाहिले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. दरबारात इन्साफ नसल्यास पीडिताने कोणाकडे जावे, हा विराटपर्वातीलच प्रश्न खाडिलकरांनी रंगभूमीवर आणला होता. बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटातील कीचकवध इतका हुबेहूब वठला की तो सरकारने कापावयास लावला. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये याच कथेवर रंगीत बोलपट काढला.

लोकव्यवहार : गोदावरीच्या खोऱ्यात, पैठणपासून खाली परभणी जिल्ह्यातील गंगाखेड-पालमच्या मुलखापर्यंत, जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा रेवड्यांवरील पोरांच्या जोड्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत हलगी वाजत राहते, पैलवान लाल माती कपाळी लावतो, शड्डू ठोकतो, पण नमस्कार मारुतीला करतो. भीम मारुतीचा धाकटा भाऊ. वनपर्वात वाटेत पसरलेले मारुतीचे शेपूट त्याला हलविता आले नव्हते. तालमीत देव्हाऱ्याचा मान थोरल्याकडे राहिला. धाकटा मात्र 'भीमपराक्रम' या शब्दातून आणि खादाडाला 'बकासुर' म्हणण्यातून रोजच्या बोलण्यात आहे.