झेवियर म्हणजे आपले नवघरे!

सातारा-सांगलीतल्या नमुन्यांची यादी लावताना माझ्याकडून एक चूक झाली. आडनावाच्या रकान्यात 'झेवियर' आलं आणि मी पुढे 'मूळ : पोर्तुगीज' टाइप करून मोकळी झाले. गाईडनी एवढंच विचारलं, "कशावरून?" उत्तर नव्हतं.

शोधायला बसले तर हे नाव पोर्तुगालचं नाहीच. स्पेनच्या उत्तरेला नवार प्रांतात एक गढी आहे, तिचं हे नाव. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवीन. एचेबेरी झिजून शाबिएर झालं. थोडक्यात, आपले नवघरे! 1506 मध्ये याच गढीत फ्रान्सिस जन्मला. गंमत बघा, वडिलांचं घराणं हासो, गढी आईकडची. म्हणजे ज्याच्यामुळे हे नाव जगभर गेलं, त्यालाही ते बापाकडून आलेलं नव्हतं.

6 मे 1542 ला तो गोव्यात पोचला, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. धर्मगुरू, त्यामुळे मूलबाळ नाही. तरीही नाव वाढलं. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं आणि बाप्तिस्म्यात मुलांना हे नाव ठेवलं जाऊ लागलं. केरळ-तमिळनाडूत बापाचं पहिलं नाव मागे लावायची पद्धत आहे, त्यामुळे पुढच्या पिढीत तेच आडनावाच्या जागी बसतं. उच्चार तर किती फिरले: पोर्तुगीजांचा शाव्हिएर, आजच्या स्पॅनिशमध्ये हाविएर, इंग्रजीवाटे आपल्याकडे झेवियर. मी फॉर्मची मागची बाजू उलटून पाहिली. आजोबांचं पहिलं नाव झेवियर! आडनावाचं वय फार तर दोन पिढ्या.

आता तुम्ही म्हणाल, एका नोंदीने काय बिघडतं? 1965 मध्ये क्रो आणि मँज यांनी नवरा-बायकोच्या माहेर-सासरच्या सारख्या आडनावांवरून नात्यातल्या लग्नांचं प्रमाण काढायची रीत मांडली. तिला आयसॉनिमी म्हणतात. अट एकच, एक आडनाव म्हणजे एक मूळपुरुष. आणि आमच्या सांगलीत? मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील. पाटीलकी हे वतन, रक्ताचं नातं नव्हे. पाटलांची लेक पाटलांच्या घरी दिली की गणित तिला भाऊबंदकीतलं लग्न समजणार. देवक वेगळं आहे, मूळ आडनाव जाधव की शिंदे, हे त्या रकान्याला काय माहीत! झेवियर निदान डोळ्यांत खुपलं, पाटील मी शेकड्यांनी न बघता पुढे ढकलले होते.

नव्या फॉर्ममध्ये आता 'हे आडनाव कुणापासून?' असा रकाना आहे. जुन्यांत तो नाही, म्हणून पुन्हा पलूस, वाळवा, कराडच्या फेऱ्या सुरू.