वाणिज्य व व्यवस्थापन : पदवीस्तरीय संशोधन चर्चासत्रे

वाणिज्य किंवा व्यवस्थापन या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी एखाद्या मर्यादित प्रश्नाची स्वतः पाहणी करून तिचे निष्कर्ष निबंधरूपाने अध्यापक व सहाध्यायी यांच्यापुढे मांडावयाचे आणि त्यांवरील आक्षेपांना उत्तरे द्यावयाची, अशा सभेस संशोधन चर्चासत्र म्हणतात. व्याख्यानात ऐकलेले विधान विद्यार्थी स्वीकारतो. चर्चासत्रात त्याला स्वतःच्या विधानाचा आधार दाखवावा लागतो. त्यामुळे चर्चासत्राची गुणवत्ता सभेच्या दिवशी ठरत नाही, तर तीपूर्वी झालेल्या पाहणीवर अवलंबून असते.

ही पद्धती मूळची जर्मन विद्यापीठांतील होय. अठराव्या शतकात भाषाशास्त्राच्या अध्यापनासाठी ती गटिंगेन व हाल येथे रूढ झाली व एकोणिसाव्या शतकात लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) यांनी बर्लिन येथे तिचा इतिहासाच्या संशोधनासाठी उपयोग केला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाद्वारे ती अमेरिकेत पसरली. वाणिज्याचे उच्च शिक्षण त्याच सुमारास आकार घेत होते. फिलाडेल्फिया येथील व्हॉर्टन स्कूल १८८१ मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठातील वाणिज्य विद्याशाखा १९०२ मध्ये आणि हार्व्हर्ड येथील व्यवसाय प्रशालेची स्थापना १९०८ मध्ये झाली. हार्व्हर्डने प्रत्यक्ष व्यवसायांतील प्रसंग वर्गात चर्चेस घेण्याची पद्धत लोकप्रिय केली. परंतु तीत माहिती विद्यार्थ्याला तयार मिळते. ती गोळा करण्याचे कष्ट हेच संशोधन चर्चासत्राचे वैशिष्ट्य आहे.

मुंबईतील सिडनम महाविद्यालय (१९१३) हे आशिया खंडातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. तेथे १९१८ ते १९२० या काळात डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण चर्चासत्रांच्या परंपरेत झाले होते. कोलंबिया विद्यापीठात ए. ए. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर वाचलेला निबंध पुढील वर्षी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने वर्गमित्रांपुढे वाचलेला निबंध किती दूरवर पोहोचू शकतो, याचे याहून ठळक भारतीय उदाहरण क्वचितच सापडेल.

पदवीच्या विद्यार्थ्यांना पाहणीसाठी पाठविण्याचा भारतातील सर्वांत उल्लेखनीय प्रारंभिक प्रयोग मात्र मद्रास येथे झाला. तेथील विद्यापीठात १९१५ मध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आलेले गिल्बर्ट स्लेटर (१८६४–१९३८) यांना भारतीय खेड्यांविषयी पाठ्यपुस्तकांत जवळजवळ काहीच आढळले नाही. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि ती विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांना स्वतःच्याच गावी पाठविले. जमीन, मजुरी, कर्ज, घरखर्च यांची जी माहिती परक्या अधिकाऱ्यास सहसा मिळाली नसती, ती गावच्या मुलास मिळाली. त्यांचे वृत्तांत १९१८ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाले. या गावांची सु. दोन दशकांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा तुलनेसाठी विद्यार्थ्यांच्या याच नोंदी आधारभूत ठरल्या.

महाराष्ट्रात याच सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान (१८७२–१९६१) यांनी पिंपळे सौदागर (१९१७) व पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांचे अभ्यास प्रसिद्ध केले. जमिनीचे तुकडीकरण व शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा हे प्रश्न त्यांतून आकड्यांच्या आधारे पुढे आले. धनंजयराव गाडगीळ (१९०१–७१) यांनी ही दृष्टी व्यापाराकडे वळविली. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची व १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली. अडत, वाहतूक, किरकोळ विक्री यांसारखे रोजचे व्यवहार हेही संशोधनाचे विषय होत, हे या अभ्यासांनी प्रस्थापित केले.

स्वातंत्र्योत्तर काळात वाणिज्य महाविद्यालये वाढली, पण ही परंपरा पदवीवर्गांपर्यंत फारशी उतरली नाही. अहमदाबाद व कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था (१९६१) आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था (१९६५) यांचा भर पदव्युत्तर शिक्षणावर होता. मोठे वर्ग, वार्षिक परीक्षा व ठराविक प्रश्न यांमुळे पदवीच्या विद्यार्थ्याला हिशेबलेखन आले, तरी गावच्या बाजाराचा हिशेब मांडण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. शिक्षण आयोगाने (१९६४–६६) व्याख्याने कमी करून त्या वेळात स्वाध्याय व छोटे संशोधनप्रकल्प व्हावेत, असे सुचविले होते. त्या शिफारशीची अंमलबजावणी तुरळकच झाली.

खानदेशात महाविद्यालयीन शिक्षणाचा विस्तार जळगावचे मूळजी जेठा व अमळनेरचे प्रताप या महाविद्यालयांपासून (दोन्ही १९४५) झाला. येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) येथील श्रीमती जी. जी. खडसे महाविद्यालयासारखी तालुक्याच्या गावची महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

संशोधनाच्या सामग्रीबाबत हा तालुका समृद्ध आहे. तापी व पूर्णा यांचा संगम, कापूस व केळी ही नगदी पिके, मुंबई–नागपूर महामार्ग आणि संत मुक्ताबाईंची यात्रा यांमुळे व्यापाराचे अनेक प्रकार एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या सावदा व रावेर या स्थानकांतून केळी पूर्वीपासून उत्तर भारतात जात आली आहेत. जाहीर भाव व शेतकऱ्याच्या हाती पडलेली रक्कम यांत किती अंतर पडते, घडाच्या दांड्यापोटी किती वजन वजा होते, पैसे किती दिवसांनी मिळतात, मृगबाग व कांदेबाग यांच्या भावांत काय फरक असतो, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात नाहीत; ती बागाईतदाराच्या घरातील पावत्यांत आहेत. विद्यार्थी बहुधा त्याच घरातला असतो. हा त्याचा लाभ आहे आणि अडचणही, कारण अडत्याला व वाहतूकदाराला तेच प्रश्न विचारल्याशिवाय त्याचा निबंध घरच्या तक्रारीपलीकडे जात नाही. केवळ नातेवाइकांच्या पावत्या घेतल्यास नमुनाही एकांगी होतो. चर्चासत्रातील पहिला आक्षेप साधारणतः येथेच यावयास हवा.

विद्यार्थ्यांच्या संशोधनास राज्यपातळीवर व्यासपीठ मिळाले, ते २००६ पासून भरू लागलेल्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलनामुळे. त्यात वाणिज्य, व्यवस्थापन व विधी असा स्वतंत्र गट असून पदवीच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश असतो. याउलट अध्यापकांसाठीच्या चर्चासत्रांची संख्या २०१० नंतर वेगळ्याच कारणाने फुगली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनी निबंधवाचनास पदोन्नतीसाठी गुण दिले. एका दिवसात डझनावारी निबंध उरकणाऱ्या सभांत आक्षेपास वेळ उरत नाही, आणि आक्षेप नसेल तर चर्चासत्र नावापुरतेच राहते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांतही जुन्या अहवालांची नक्कल हा दोष सर्वत्र आढळतो. उसना मजकूर संगणकाने पकडता येतो. न भरलेल्या प्रश्नावलीचे आकडे मात्र समोरासमोरच्या प्रश्नांतच उघडे पडतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) महाराष्ट्रात पुनर्रचित झालेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्पास श्रेयांक देण्यात आले आहेत. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेण्यासाठी आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक असतात. उरलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत संशोधनाशी येणारा संबंध बहुतांशी या क्षेत्रप्रकल्पापुरताच असतो.