लाहोरचे त्रयस्थ पंच

मूर्तिजापूरला टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तेव्हा पहिल्या फेऱ्यांना गावातलाच कुणीतरी पंच म्हणून उभा राहतो. अंतिम सामन्याला मात्र अकोल्याचा किंवा बडनेऱ्याचा माणूस बोलावतात. त्याला खेळातले जास्त कळते असे नाही. तो मैदानावरच्या कुणाचा मामा किंवा काका नसतो, एवढेच. मी काही वर्षे हे काम केले आहे. शेजारच्या पोराला पायचीत दिले, की पुढचा आठवडा त्या घरचा चहा बंद.

ही साधी सोय कसोटी क्रिकेटला सुचायला फार वेळ लागला. पहिली कसोटी १८७७ची. १९१२ साली इंग्लंडात तिरंगी स्पर्धा झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका सामन्यांना इंग्रज पंच होते. पण तो योगायोग. ठरवून तिसऱ्या देशाचे पंच आणले गेले ते नोव्हेंबर १९८६ मध्ये, लाहोरला, पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीसाठी. आणि ते दोघेही भारतीय होते: हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर.

रिपोर्टर यांचा जन्म १९३८चा. नोकरी महाराष्ट्र राज्य वीज मंडळात. आम्हा वऱ्हाडकरांना हे मंडळ आठवते ते बिलावरून आणि गेलेल्या लायटीवरून. त्याच मंडळाचा एक कर्मचारी १४ कसोट्या आणि २२ एकदिवसीय सामन्यांत उभा राहिला, १९९२च्या विश्वचषकापर्यंत गेला. चौकार दाखवताना ते वाकून हात असा काही फिरवत, की प्रेक्षक त्या खुणेचीच वाट पाहत. त्या काळी पंचगिरीवर संसार चालत नसे. माधव गोठोसकर यांच्यासारखे आपले कसोटी पंचही त्याच जमान्यातले.

लाहोरचे बोलावणे आले इम्रान खान यांच्या आग्रहामुळे. पाकिस्तान घरच्या मैदानावर जिंकला, की श्रेय पंचांना दिले जाई, आणि या कर्णधाराला ते सलत होते. म्हणजे त्रयस्थ पंच मागितले ते पाहुण्यांनी नव्हे, यजमानाने. आपल्या विजयावरचा डाग पुसण्यासाठी. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शिवाय पंच मागवले कुठून? भारतातून. त्याच हिवाळ्यात भारताचा ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड लष्करी सराव राजस्थानात चालू होता आणि सीमेवर ताण वाढत होता.

मालिकेतली फैसलाबादची पहिली कसोटी पाकिस्तानने १८६ धावांनी जिंकली होती. अब्दुल कादिरने १६ धावांत ६ बळी घेऊन वेस्ट इंडिजला ५३ धावांत गुंडाळले होते. लाहोरला पारडे फिरले. पाकिस्तान १३१ आणि ७७, वेस्ट इंडिज २१८. एक डाव १० धावांनी हार, तीही तीन दिवसांत. इम्रान यांनी तरी हट्ट सोडला नाही. १९८९ साली भारताचा संघ तिकडे गेला, सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळला, तेव्हा जॉन हॅम्पशायर आणि जॉन होल्डर हे इंग्लंडचे पंच होते. मधल्या काळात, १९८७ मध्ये, फैसलाबादला माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा बोटे रोखून भांडले आणि अख्ख्या दिवसाचा खेळ बुडाला.

यात एक अन्यायही आहे. लाहोरला ज्या रिपोर्टर यांच्यावर दोन्ही संघांनी विश्वास टाकला, तेच मुंबई-दिल्लीत उभे राहिले की ‘घरचे पंच’ ठरत. माणूस तोच, नजर तीच; फक्त पासपोर्टवर शिक्का नाही. शेवटची कसोटी ते १९९३ मध्ये उभे राहिले. प्रत्येक कसोटीत एक पंच बाहेरचा हवा, हा नियम आला १९९४ मध्ये आणि दोन्ही बाहेरचे हवेत, हा २००२ मध्ये. सप्टेंबर २०२३ मध्ये रिपोर्टर गेले.

त्याआधी करोनाने एक गंमत केली. २०२० मध्ये प्रवास थांबला आणि पुन्हा घरचे पंच उभे करावे लागले. तेव्हा आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रत्येक संघाला दर डावात एक जादा रिव्ह्यू दिला. कारण सांगितले, पंचांचा अनुभव कमी पडेल. घरचेपणाचा उल्लेख त्यात नव्हता.