त्याच फुटेजमधला दुसरा सिनेमा

'कोरेंगल' (२०१४) हा माहितीपट आला तेव्हा त्याच्या नशिबी तुलना ठरलेलीच होती. सेबॅस्टियन जंगर आणि टिम हेदरिंग्टन यांच्या 'रेस्ट्रेपो'ला २०१० साली सनडान्समध्ये ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं, पुढे ऑस्करचं नामांकनही. २००७-०८ मध्ये हे दोघे अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यात एका अमेरिकी प्लाटूनसोबत राहत होते. चौकीला मारल्या गेलेल्या वैद्यकीय सैनिकाचं नाव दिलेलं, तेच सिनेमाला. निवेदक नाही, सेनापतींच्या मुलाखती नाहीत. तो पडद्यावर फिरत होता तोवर अमेरिकी सैन्याने ते खोरं सोडलंसुद्धा होतं!

एप्रिल २०११मध्ये हेदरिंग्टन लिबियात, मिसराता शहरात मारला गेला. 'कोरेंगल' जंगरने एकट्याने केला, त्याच मुक्कामातलं चित्रण आणि सैनिकांच्या मुलाखती घेऊन.

परीक्षणं आली ती बरी, पण हातचं राखून. काहींना ही उरलंसुरलं गोळा करून केलेली भाजी वाटली : पहिल्यातला थरार नाही, माणसं नुसती बोलतात. काहींना नेमकं ते बोलणंच मोलाचं वाटलं. जंगरचं म्हणणं असं, की पहिला सिनेमा युद्ध अनुभवायला लावतो, दुसरा ते समजून घेतो.

मला जंगरचं पटतं. सर्व्हर कोसळला की आम्ही तेच लॉग पुन्हा वाचतो. पहिल्यांदा काय झालं ते कळतं, दुसऱ्यांदा का झालं ते. डेटा तोच, प्रश्न वेगळा. मग 'यात नवीन काय' हे माप इथे कसं लागू पडेल?

एक आक्षेप मात्र दोन्ही सिनेमांना लागू आहे. ज्यांचं ते खोरं, ते गावकरी कडेलाच राहतात. सैनिकांच्या नजरेबाहेर जायचं नाही हा दिग्दर्शकाचा निर्णय मला समजतो. त्याची किंमत कोण मोजतं, हेही दिसतं.

तरी 'कोरेंगल'मधला एक सैनिक डोक्यातून जात नाही. लोक त्याला समजावतात, तुला जे करणं भाग होतं तेच तू केलंस. त्याला या वाक्याचाच राग येतो. भाग काहीच नव्हतं, तो म्हणतो. सैन्यात मी माझ्या मर्जीने गेलो होतो.